पडद्यावरचे मराठी पुस्तक : टॅब की ई-रीडर?

परभणीहून जिंतूरला जाणाऱ्या रस्त्यावर बोरी हे मोठे गाव लागते. तेथील एका शिक्षकांनी आमच्याकडे एक प्रश्न पाठवला आहे. शाळेसाठी लोकवर्गणीतून काही रक्कम जमली असून मुलांनी पाठ्यपुस्तकाबाहेरचे वाचावे म्हणून ती खर्च करायची आहे. तर टॅब घ्यावेत, की केवळ पुस्तके वाचण्यासाठी बनवलेले ई-रीडर? गावात वर्गणी दरवर्षी जमत नाही. घेतलेली वस्तू मुलांच्या हातात टिकली नाही तर ती मुख्याध्यापकांच्या कपाटात जाते आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये तिचा क्रमांक तेवढा उरतो. म्हणून या दोन यंत्रांचे परीक्षण आम्ही जाहिरातींच्या भाषेत न करता दोन स्थानिक कसोट्यांवर करणार आहोत. एक मराठवाड्यातले ऊन आणि दुसरी मराठी पुस्तकाचे पान.

प्रथम पडदे पाहू. टॅबचा पडदा म्हणजे मागे दिवा असलेली खिडकी. दिव्याचा प्रकाश ध्रुवण करणाऱ्या दोन पट्ट्यांमधून आणि त्यांच्यामध्ये असलेल्या द्रवस्फटिकांच्या थरातून बाहेर येतो. विद्युतदाब बदलला की स्फटिकांची मांडणी बदलते आणि त्या ठिकाणचा प्रकाश कमी-जास्त होतो. रंगांसाठी लाल, हिरव्या व निळ्या गाळण्या असतात. मोबाईलच्या पांढऱ्या पडद्यावर पाण्याचा अगदी लहान थेंब ठेवला तर थेंब भिंगाचे काम करतो आणि हे तीन रंग वेगवेगळे दिसतात. प्रकाशाचा पाठ शिकवताना हा प्रयोग जरूर करावा. त्याला खर्च काही नाही.

ई-रीडरचा पडदा स्वतः प्रकाश देत नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ जेकबसन व त्यांच्या विद्यार्थ्यांनी विकसित केलेली ही ‘विजेची शाई’ १९९८ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्यांमध्ये पारदर्शक द्रव भरलेला असतो. त्यात पांढरे कण टायटॅनियम डायऑक्साइडचे, म्हणजे आपल्या भिंतीच्या रंगात असते त्याच द्रव्याचे. आणि काळे कण काजळीचे. दोघांवरचे विद्युतप्रभार विरुद्ध. खालच्या बाजूचा विद्युतअग्र धन केला की ऋण प्रभाराचे कण खाली ओढले जातात व दुसरे वर येतात. वर आलेले कण वीज बंद केल्यावरही तेथेच राहतात, म्हणून पान तसेच दिसत राहते. वीज लागते ती पान उलटताना. जपानमध्ये सोनी कंपनीने २००४ साली या शाईचा पहिला ई-रीडर विकायला काढला आणि २००७ साली ॲमेझॉनचा किंडल आला. टॅब खऱ्या अर्थाने लोकप्रिय झाले ते २०१० सालच्या आयपॅडपासून.

आता ऊन. आकडे घेऊन हिशेब केल्याशिवाय या बाबतीत बोलण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो, लिंबाच्या मोकळ्या सावलीत सुमारे १०,००० आणि साधारण उजेडाच्या वर्गात ३००. टॅबचा पडदा पूर्ण उजळला तर त्याची तेजस्विता ४०० कँडेला प्रति चौरस मीटर आहे असे धरू, आणि काच व पडदा मिळून बाहेरच्या प्रकाशापैकी ५ टक्के परत फेकतात असेही धरू. लक्सला परावर्तनाच्या प्रमाणाने गुणून ३.१४ ने भागले की परावर्तित तेजस्विता मिळते. उन्हात ती सुमारे १,६०० येते. म्हणजे अक्षराच्या काळ्या जागेतूनही १,६०० आणि पांढऱ्या जागेतून २,०००. दोघांचे गुणोत्तर जेमतेम सव्वा. सव्वा पटीच्या फरकावर अक्षर ओळखणे कठीण. लिंबाखाली हेच गुणोत्तर साडेतीनपर्यंत जाते, वाचता येते पण डोळे बारीक करावे लागतात. वर्गात ते ८० च्या पुढे जाते आणि काहीच अडचण राहत नाही.

ई-रीडरमध्ये पांढरी जागा ४० टक्के व काळी ४ टक्के प्रकाश परत पाठवते असे धरले तर गुणोत्तर दहा येते, आणि ते उन्हात, सावलीत, वर्गात सगळीकडे दहाच राहते. कारण बाहेरचा प्रकाश वाढला की दोन्ही जागा सारख्याच पटीने उजळतात. छापील कागदाचा नियमही हाच. (भर उन्हात कागदही डोळे दिपवतो, तेव्हा उन्हात बसून वाचा असे आम्ही कोणाला सुचवत नाही.) संध्याकाळी ५० लक्सच्या मिणमिणत्या उजेडात मात्र पारडे फिरते. तेथे ई-रीडरच्या पांढऱ्या जागेची तेजस्विता जेमतेम सहा-सात उरते आणि दिवा लावावा लागतो. म्हणूनच २०१२ पासून ई-रीडरमध्ये कडेने लहान दिवे बसवू लागले.

हे दिवे आल्यावर ‘डोळ्यांना त्रास नाही’ या जाहिरातीचे काय झाले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. डोळ्यात शिरणारा प्रकाश पडद्यामागून आला की पडद्यावरून उलटून आला हे दृष्टिपटलाला कळत नाही. तेजस्विता किती, ती आजूबाजूच्या उजेडाशी मिळतीजुळती आहे का, आणि प्रकाशात कोणते रंग किती, एवढ्याच गोष्टी महत्त्वाच्या. प्रयोगांचा कौलही एकमुखी नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांनी अनेक तास वाचूनही दोन्ही पडद्यांच्या थकव्यात सांगण्यासारखा फरक आढळला नाही. २०१३ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात टॅबच्या पडद्याने डोळे अधिक थकल्याचे आढळले. दोन्हीकडे वाचक दहा-बारा, तेही प्रौढ. अशा पुरावलीवरून बोरीच्या पाचवीतल्या मुलाबद्दल ठाम विधान करणे आम्हाला धाडसाचे वाटते.

निळ्या प्रकाशाने झोप जाते हे विधानही मूळ प्रयोगाशी ताडून पाहावे. ज्याचा दाखला नेहमी दिला जातो तो अमेरिकेतील प्रयोग २०१५ सालचा. बारा तरुणांनी पाच रात्री झोपण्यापूर्वी चार तास टॅबवर वाचले आणि पाच रात्री छापील पुस्तक. टॅबच्या रात्री मेलाटोनिन हे संप्रेरक निम्म्याहून अधिक घटले आणि झोप लागायला सुमारे दहा मिनिटे जास्त लागली. परंतु खोली जवळजवळ अंधारी होती आणि टॅब पूर्ण उजळलेला होता. इतक्या प्रतिकूल परिस्थितीत झालेला फरक दहा मिनिटांचा. परिणाम खरा आहे, पण जेवढा सांगितला जातो तेवढा मोठा नाही. दुपारी शाळेत अर्धा तास वाचणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर तो विचारात घेण्याचेही कारण नाही.

मुलांच्या डोळ्यांची खरी काळजी वेगळी आहे. जवळचे फार वेळ पाहणे आणि उघड्यावर कमी वावरणे यांमुळे लघुदृष्टी वाढते. चीनमधील ग्वांगझोऊ शहरात १२ शाळांत तीन वर्षे प्रयोग झाला. निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जास्त बाहेर नेले. त्यांच्यात लघुदृष्टीचे प्रमाण ३०.४ टक्के निघाले, इतर शाळांत ३९.५ टक्के. २०१५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाचनाचे अंतर टॅब, ई-रीडर आणि पुस्तक तिन्हींत सारखेच. पण वाचनाचा तास झाडाखाली घ्यायचा ठरवला तर वरच्या हिशेबाप्रमाणे ई-रीडर व पुस्तक चालते, टॅब कुरकुरतो. ई-रीडरच्या बाजूने आम्हाला सापडलेला हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि तो जाहिरातीत कोठे दिसत नाही.

बॅटरीचेही असेच. २०२१ सालच्या किंडल पेपरव्हाइटची बॅटरी दहा आठवडे चालते असे कंपनी सांगत असे. त्याखालच्या बारीक अक्षरांत रोज अर्धा तास वाचन धरलेले होते. सत्तर दिवसांचे अर्धे-अर्धे तास म्हणजे एकूण ३५ तास. चांगल्या टॅबची बॅटरी दहा तास चालते. फरक साडेतीन पटींचा झाला, आणि ज्या गावात वीज जाणे हे नवल नाही तेथे तो उपयोगी आहेच. पण ‘आठवडे’ आणि ‘तास’ हे शब्द शेजारी ठेवून जो भास निर्माण केला जातो तो या हिशेबात उरत नाही. एक यंत्र दिवसभर पाच वर्गांत फिरले तर ई-रीडरही आठवड्यातून एकदा चार्ज करावा लागेल.

वाचलेले किती समजते? स्पेन व इस्राएलमधील संशोधकांनी २०१८ साली आधीच्या ५४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. वाचक १,७०,००० हून अधिक होते. पडद्यापेक्षा कागदावर वाचलेले थोडे अधिक समजते असे त्यातून निघाले. माहितीपर मजकूर असेल किंवा वेळ मर्यादित असेल तेव्हा हा फरक दिसतो. गोष्टी वाचताना तो जाणवत नाही. विज्ञान शिकवणाऱ्यांनी यातील ‘माहितीपर’ हा शब्द लक्षात ठेवावा. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात पन्नास जणांनी एकच दीर्घ कथा वाचली, काहींनी छापील पुस्तकात व काहींनी किंडलवर. समज बहुतेक सारखीच होती, पण कोणती घटना आधी घडली व कोणती नंतर हे पुस्तकवाल्यांना अधिक बरोबर सांगता आले. पुस्तकात डाव्या हाताखालची पाने वाढतात, उजव्या हाताखालची कमी होतात आणि ‘हे अर्ध्यानंतर आले होते’ अशी खूण हातालाच मिळते. ई-रीडरची जाडी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तीच. हे स्पष्टीकरण सिद्ध झालेले नाही, पण पटण्यासारखे आहे.

येथपर्यंतचा विचार कोणत्याही भाषेला लागू पडेल. मराठीच्या बाबतीत निकाल लावणारी गोष्ट निराळीच आहे, आणि इंग्रजी परीक्षणे वाचून यंत्र निवडणाऱ्यांना ती शेवटपर्यंत कळत नाही.

ई-रीडरचा मोठा गुण असा की अक्षर मोठे केले की ओळी पुन्हा नव्याने मांडल्या जातात. त्यासाठी पुस्तक खऱ्या अक्षरांच्या रूपात असावे लागते. मराठीत मात्र फुकट व कायदेशीरपणे मिळणारे बहुतेक साहित्य पीडीएफच्या रूपात आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची प्रकाशने, अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरील विज्ञानखेळण्यांची व मुलांची पुस्तके ही सगळी पीडीएफ. पीडीएफ म्हणजे पानाचा जणू छायाचित्रासारखा ठसा. पान लहान केले की अक्षरेही लहान होतात.

पुन्हा हिशेब करू. नेहमीच्या सहा इंची ई-रीडरचा पडदा सुमारे ९१ मिलिमीटर रुंद व १२२ मिलिमीटर उंच असतो. बालभारतीची अलीकडची पुस्तके ए-४ च्या जवळपास जाणाऱ्या आकाराची आहेत. २१० मिलिमीटर रुंदीचे पान ९१ मध्ये बसवले तर सगळे ०.४३ पट होते. १४ पॉइंटचे अक्षर ६ पॉइंटचे झाले. औषधाच्या बाटलीवरची सूचना आठवावी. डेमी आकाराच्या कादंबरीचे १२ पॉइंटचे अक्षर रुंदी पूर्ण वापरूनही आठच्या आत येते. रोमन लिपी एवढ्यात कशीबशी निभावते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. एका ओळीला तीन मजले. अक्षर लहान झाले की सर्वांत आधी वरचा व खालचा मजला बुजतो, आणि ‘दिन’ व ‘दीन’ यांतला भेद जिथे कळायला हवा तिथेच कळेनासा होतो. बोटांनी मोठे करून पान इकडेतिकडे सरकवता येते, पण विजेच्या शाईचे कण हळू चालतात. प्रत्येक सरकवण्याला पडदा लुकलुकतो आणि मुलांचा धीर सुटतो. उलट दहा इंची टॅबचा पडदा १३५ बाय २१५ मिलिमीटरच्या आसपास असतो. डेमीचे पान १४० बाय २१६. जवळजवळ जसेच्या तसे! ए-४ चे १४ पॉइंटचे अक्षरही नऊ पॉइंटचे राहते, म्हणजे वाचता येते.

मराठी पुस्तके पीडीएफमध्येच का अडकली, याचा इतिहास शिक्षकांना माहीत असायला हवा. १९८०-९० च्या दशकांत आपले छपाईचे काम संगणकावर गेले ते पुण्याच्या सी-डॅकच्या प्रणालीवर किंवा श्रीलिपीसारख्या प्रणालींवर. प्रत्येकाने अक्षरांना आपापले क्रमांक दिले. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, परंतु छापखान्यांनी जुनीच प्रणाली पुढे पुष्कळ वर्षे वापरली. अशा पुस्तकातील उतारा नकलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरांची भेळ उमटते. ती फाइल ई-रीडरला देणे व्यर्थ. प्रकाशकाला पुस्तक नव्याने टंकलिखित किंवा रूपांतरित करून मुद्रिते तपासावी लागतात, आणि तो खर्च विक्रीतून निघेल याची खात्री नसते. ॲमेझॉनने किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ मध्ये सुरू केली. किंडल येऊन तोपर्यंत नऊ वर्षे झाली होती. तेव्हापासून मराठी ई-पुस्तके वाढली हे खरे, पण शाळेच्या उपयोगाच्या बालविज्ञानाच्या पुस्तकांचा त्यातील वाटा आम्हाला तुटपुंजा वाटतो.

अपवाद आहेत, आणि ते चांगले आहेत. मराठी विकिस्रोतावर स्वामित्वहक्क संपलेली पुस्तके युनिकोडमध्ये आणण्याचे काम स्वयंसेवक करतात. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. साने गुरुजींचे निधन १९५० सालचे, त्यामुळे त्यांचे साहित्य २०११ च्या आरंभापासून सर्वांचे झाले आहे. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर लहान मुलांच्या मराठी गोष्टी मोफत मिळतात. पण त्या रंगीत चित्रांच्या, आणि काळ्या-पांढऱ्या ई-रीडरवर त्यांचा जीवच जातो. लिटमस लाल झाला की निळा राहिला हे करड्या रंगाच्या सोळा छटांत कसे दाखवणार? रंगीत विजेची शाई आता आली आहे. तिच्यातील गाळण्यांमुळे पांढरी पार्श्वभूमी काळपट दिसते आणि यंत्र महाग पडते.

सरकारी अनुभवही टॅबचाच आहे. २०११ साली मोठा गाजावाजा होऊन ‘आकाश’ टॅब आला. सात इंची पडदा, दाबाने चालणारा स्पर्श आणि मंद प्रक्रियक. स्वस्त म्हणून त्याचे कौतुक झाले आणि वापरताना जीव मेटाकुटीला येतो म्हणून टीकाही. पुढची आवृत्ती आयआयटी मुंबईच्या देखरेखीखाली २०१२ साली आली. मुंबई महानगरपालिकेने २०१५ साली आठवीच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम भरलेले टॅब दिले. या योजनांच्या चर्चेत किंमत, संख्या आणि वाटपाचा समारंभ यांना जागा मिळाली. त्यावर मुलांनी किती पाने वाचली हे मोजायला हवे होते.

मालकीचा मुद्दा शाळांनी विशेष तपासावा. ई-पुस्तक विकत घेतले असे आपण म्हणतो, पण बहुतेक दुकाने वाचण्याची परवानगी तेवढी देतात. २००९ साली ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली होती. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा विकलेली पुस्तकेही नाहीशी झाली. पैसे परत दिले, ही गोष्ट वेगळी. शिवाय खाते एका व्यक्तीच्या नावे असते. शिक्षकांची बदली झाली की पुस्तकांचे काय? टॅबवरच्या मोफत पीडीएफना ही बाधा नाही.

टॅबचे दोष आम्ही झाकत नाही. त्यावर खेळ आहेत, चित्रफिती आहेत, दर पाच मिनिटांनी वाजणाऱ्या सूचना आहेत. इंटरनेट बंद ठेवून व पडदा एकाच ॲपवर खिळवून ठेवण्याची सोय वापरून यातील बराच भाग आवरता येतो. उन्हाळ्यात टॅब तापतो, आणि तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. तो पत्र्याच्या खोलीत चार्जिंगला लावून ठेवू नये. फुटलेली काच किंवा सैल झालेली चार्जिंगची खाच मोबाईल दुरुस्त करणाऱ्याकडे बदलून मिळू शकते. ई-रीडरचा पडदा तडकला तर यंत्र टाकून द्यावे लागण्याची शक्यता अधिक.

तेव्हा बोरीच्या शाळेसाठी आमचे मत असे. मुलांसाठी ई-रीडर घेऊ नयेत. दहा इंची दोन किंवा तीन टॅब घ्यावेत, सात-आठ इंची मुळीच नकोत, कारण वरचा पानाच्या आकाराचा हिशेब तेथे पुन्हा कोलमडतो. उरलेली रक्कम छापील पुस्तकांवर खर्च करावी. २०२५ साली भारतात आलेल्या पेपरव्हाइटची किंमत सतरा हजारांच्या आसपास होती. मुलांचे एक पुस्तक सरासरी दीडशे रुपयांचे धरले तर तेवढ्यात शंभराहून अधिक पुस्तके येतात आणि एकाच वेळी शंभर मुले वाचू शकतात. एका ई-रीडरमध्ये हजार पुस्तके मावत असली तरी एका वेळी वाचणारा एकच असतो. शिक्षकाला स्वतःसाठी, विशेषतः इंग्रजी पुस्तके व दीर्घ लेखन वाचण्यासाठी, ई-रीडर उत्तम आहे. तो त्याने स्वतःच्या पैशातून घ्यावा.

खरेदीपूर्वी दुकानात तीन फायली न्याव्यात : बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकाची पीडीएफ, एखाद्या जुन्या पुस्तकाची छायाप्रत आणि विकिस्रोतावरून उतरवलेले युनिकोडमधील पुस्तक. एका कागदावर ‘दऱ्याखोऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘उद्ध्वस्त’, ‘क्लृप्ती’, ‘ॲसिड’, ‘ऑक्सिजन’ हे शब्द लिहून न्यावेत आणि ते यंत्रावर टंकून पाहावेत. ‘ऱ्य’ मधला र अर्ध्या चंद्रासारखा दिसला पाहिजे. त्याजागी रफार आला तर यंत्राची मराठी कच्ची. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, म्हणून जुन्या प्रणालीवर तेथे रिकामा चौकोन दिसतो. ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे मराठी आहेत की हिंदी हेही पाहावे. राज्य शासनाने २००९ सालच्या निर्णयात मराठी वळणे ठरवून दिलेली आहेत आणि पहिली-दुसरीच्या मुलाला दोन वळणांचा घोळ नको. मग यंत्र घेऊन दुकानाबाहेर यावे, दुपारी बाराच्या सुमारास, आणि पीडीएफचे एक पान मोठे न करता वाचून पाहावे. सोबत पाचवीतले एखादे मूल असले तर त्यालाच वाचायला द्यावे.